चुन्याचा एच

बाबा, तुमचं हेलिकॉप्टर अजून आलेलं नाही. येणार आहे, एवढं मात्र या वेळी पक्कं कळलंय. हे वाचून तुम्ही लगेच चुन्याचं घमेलं शोधायला उठाल, म्हणून आधीच सांगते, या वेळी चुना लागणार नाही. हे हेलिकॉप्टर कॉम्प्युटरमध्ये यायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा चंद्रपुरात कॉम्प्युटर एखाद्या बँकेत दिसायचा, तोही काचेआड, आणि त्याच्यापुढे जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागायच्या. आता तुमची मुलगी बसस्टँडमागच्या एका क्लासमध्ये तोच शिकवते आणि चपला घालून शिकवते. दुपारी जेवायच्या सुट्टीत पोरं पांगली की मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसते आणि विमान उडवते. खोटं खोटं. फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात त्याला. पडद्यावर विमानाची काच दिसते, काचेपलीकडे आभाळ आणि खाली जमीन, आणि आपण हातातल्या दांडीनं ते चालवायचं. एका विद्यार्थ्यानं त्याची सीडी आणली होती. पोरं आठवड्याभरात कंटाळली, मी मात्र चिकटले. "मॅडम, तुमाले काऊन एवढं आवडून राह्यलं हे?" असं एकीनं विचारलंही. मी नुसती हसले. रस्त्याच्या गँगचा मुकादम, त्याचं घमेलं, त्याचं इस्त्रीचं शर्ट, हे सगळं डबा खाताखाता कसं सांगणार?

तर त्या खेळात नवीन विमानं वेगळी बनवून घालता येतात. त्याला ॲड-ऑन म्हणतात. दूरदेशीची काही माणसं आपली नोकरी सांभाळून हौसेनं ती बनवतात, आणि त्यातली चार डोकी सध्या आपल्या मैदानावर उतरायचं तेच हेलिकॉप्टर बनवत आहेत. तेच, सैन्याचं, हिरवट-मातकट, पोट सुटलेलं. आज वर्ष उलटून गेलं मी त्याची वाट बघतेय. ते लोक इंटरनेटवर मधूनमधून फोटो टाकतात. कधी नुसती चाकं, कधी शेपटीचा पंखा, कधी आतली घड्याळं. आमच्या क्लासचं इंटरनेट असं रडतखडत चालतं की फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरतो. आधी वरचा पंखा दिसतो, मग पोट, मग अगदी शेवटी चाकं. मी टेबलाच्या कडेला धरून बसलेली असते. फोटोखाली जगभरातले लोक विचारतात, कधी येणार, कधी येणार? आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, तयार होईल तेव्हा येईल. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. आपले इंजिनियरसाहेब तुम्हाला हेच सांगायचे ना? "मुकादम, येईल तेव्हा येईल, तुम्ही मैदान तयार ठेवा." तुमचं निम्मं आयुष्य मैदान तयार ठेवण्यात गेलं.

मुलचेऱ्याच्या अलीकडचं ते शाळेपुढचं मैदान मला आजही डोळ्यांपुढे जसंच्या तसं दिसतं. निवडणूक जवळ आली की जंगलातल्या दूरच्या गावांसाठी पेट्या आणि माणसं घेऊन हेलिकॉप्टर यायचं, आणि ते उतरवायला जागा करायचं काम तुमच्या गँगवर यायचं. रोज रस्त्याचे खड्डे बुजवणारी माणसं त्या दिवसांत जरा ताठ चालायची. बकऱ्या हाकलायच्या, मुरूम टाकायचा, धुम्मसानं ठोकायचा, टँकरनं पाणी मारायचं. मग मधोमध मोठा गोल आणि गोलात इंग्रजी एच. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण हे एक अक्षर तुम्ही असं काही अंगी लावून घेतलं होतं की बस. "एकच पायरी असलेली शिडी हाये ते, वो बाई," तुम्ही मला म्हणायचात. आणि जमिनीवर काटकीनं काढून दाखवायचात.

पहिल्या वेळची फजिती आठवते? तुम्ही झाडांच्या बुंध्यांना चुना मारणारे, रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना मारणारे. चुना म्हणजे तुमचा हातखंडा. मैदानावर मात्र तुम्ही तो कोरडाच टाकलात, कबड्डीचं मैदान आखतात तसा. सुबक, भरगच्च, बोटभर जाडीचा एच. सगळे वाखाणत होते. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं आणि त्या वाऱ्यानं अख्खा एच उठला. उठला तो थेट रांगेत उभ्या असलेल्या साहेबांच्या अंगावर. तहसीलदार पांढरे, इंजिनियर पांढरे, त्यांचे हार पांढरे, आणि मैदानावर औषधालाही चुना नाही. इंजिनियरसाहेब सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडले, "अकलेचा भाग आहे की नाही, मुकादम?" तुम्ही मान खाली घातलीत. मला तेव्हा फार रडू आलं होतं. घरी येऊन मात्र तुम्हीच पोट धरून हसायला लागलात. "मी काढला, त्यानं पुसला. पण साहेब कसे दिसत होते ना वो, पुरे भुतावानी!"

पुढच्या खेपेला तुम्ही पक्का बंदोबस्त केलात. चर खणून एचच्या आकारात गोटे पुरले, जमिनीला समतल ठोकले आणि त्यावर डिंक घातलेला चुना फासला. आता ये म्हणावं, किती वारा घालायचा तो घाल. खरंच तो एच नंतर कधी उडाला नाही. दर वेळी तुम्ही त्यावर चुन्याचा नवा हात फिरवायचात, कडेला ओला पाला पेटवून धूर करायचात, म्हणजे वरच्याला वारा कुठून आहे ते कळतं, आणि मग इस्त्रीचं शर्ट घालून उभे राहायचात. सगळं गाव मैदानावर गोळा व्हायचं. पाड्यांवरची माणसं आलेली, बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातला मुरमुरेवाला टोपली घेऊन आलेला. सकाळी येणारं हेलिकॉप्टर दुपारी यायचं, कधी दुसऱ्या दिवशी. लोक कंटाळून सावलीला जायचे. तुम्ही जात नव्हता. मीही जात नव्हते. एरवी तुम्ही दिवसभर रस्त्यावर, रात्री थकून झोपलेले. अख्खा दिवस बाबा माझ्या वाट्याला यायचे ते फक्त या दिवशी. तुम्ही एका हातानं डोळ्यांवर सावली धरली आहे आणि दुसऱ्या हातात माझा हात आहे. तुमच्या तळव्याला चुन्यानं भेगा पडल्या आहेत, त्या मला टोचतात, आणि मी हात सोडवून घेत नाही.

आणि तुमचा तो एक प्रश्न. "वरून कसा दिसत असन, वो?" जेवताना, सायकल पुसताना, केव्हाही. एकदा तर तुम्ही धीर करून हेलिकॉप्टरमधल्या त्या तरुण फौजीलाच गाठलंत. पंखा थांबला होता, तो पाणी पीत होता. तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहब, वो ऊपर से दिखता है क्या?" तो हसला. "दिखता है ना, चाचा. बहोत दूर से दिखता है. अगली बार बिठा के ले जाऊंगा, खुद देख लेना." झालं. त्यानंतर दर वेळी ते शर्ट त्याच्यासाठी होतं. तो फौजी पुन्हा आला नाही. दुसरे आले, त्यांना तुम्ही सांगू शकला नाहीत. मग तालुक्याला सिमेंटचं हेलिपॅड झालं आणि आपल्या मैदानावर हेलिकॉप्टर येणंच बंद झालं. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात तुम्हाला ताप आला. मी इथे कॉलेजात होते. आई जीपमध्ये तुमचं डोकं मांडीवर घेऊन निघाली, तुमच्याच गँगनं डागडुजी केलेल्या रस्त्यानं. चंद्रपूरला पोचेपर्यंत तुम्ही नव्हतात. त्या दिवशी आभाळातून तुमच्यासाठी काही आलं नाही. तुम्ही ज्यांच्यासाठी मैदानं केलीत त्यांच्यासाठी ते यायचं, आपल्यासाठी नाही. हे मी इतक्या वर्षांत कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनातून गेलेलंही नाही.

म्हणून मला ते हेलिकॉप्टर हवंय. दुसरं कुठलं चालणार नाही. त्यात बसून मला आपल्या मैदानावर जायचंय आणि तुमचा एच वरून बघायचाय. तुमचं राहिलेलं बघणं मला बघायचंय, एवढंच. आता गंमत अशी की त्या खेळात आपला मुलुखच नाही. म्हणजे नागपूर आहे, विमानतळासकट. तिथून खाली यावं तर नुसता हिरवा गालिचा, एकच जंगल पुन्हापुन्हा चिकटवलेलं. प्राणहिता नदी दिसते, पण भलतीकडूनच वाहते. मुलचेरा नाही, शाळा नाही, एक झोपडं नाही. पण जमीनही आपल्याला बनवून घालता येते, असं मला कळलं. मग मी तेही शिकले. शाळेची कौलं, विहीर, कडेचं मोहाचं झाड, मैदान, आणि मधोमध पांढरा एच. रेषा कॉम्प्युटरनंच आखलेल्या, काटेकोर. तुमची गँग एका माणसाची झाली म्हणा, आणि मुकादमीणबाई मीच.

परवा आईला क्लासमध्ये घेऊन आले. ती आता माझ्याकडेच असते, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते, पण माझ्यापेक्षा चार पोळ्या जास्तच लाटते. तिला खुर्चीत बसवलं, एक साधं विमान घेतलं आणि मैदानावरून फिरवलं. तिनं पदर सावरून पडद्याकडे निरखून पाहिलं.

"हे आपलं गाव? इथी तं एक माणूस दिसून नाई राह्यला."

"माणसं नाही टाकता येत मला अजून. एच बघ ना, आई. बाबांचा एच."

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हा त्याइचा नोहे. त्याइचा वाकडा होता."

मी विमान तसंच सोडून तिच्याकडे वळले. ते कुठेतरी जाऊन आपटलंही असेल.

मग तिनं सांगितलं. तुम्ही गोटे पुरायला खुंट्या ठोकून दोरी बांधून ठेवली होती. पहाटे कुणीतरी आपली बकरी त्यातल्याच एका खुंटीला बांधून गेलं, आणि बकरीनं ओढून ती खुंटी वाकडी केली. तुम्हाला काही पत्ता नाही. तुम्ही दोरीबरहुकूम गोटे पुरले, ठोकले, चुना फासला. सगळं झाल्यावर मोठ्या हौसेनं त्या मोहावर चढलात, वरून कसा दिसतो ते बघायला. "आन् दिसला ना! एक पाय हा असा फाकलेला, लंगड्या माणसासारखा. तेवढ्यात आलाच हेलिकॉप्टरचा आवाज. आता काय करता? झाडावरून उतरले ते मुंगळे चावून लाल होऊन. मले म्हणे, कोनाले सांगजो नोको. खालून कोनाले समजत नाई, वरून त्याले समजन."

"मग नंतर सरळ का नाही केला?"

"पुरलेले गोटे उकरले असते तं साहेबाले समजलं असतं ना! आधीच एकदा बोलणं खाल्लं होतं चारचौघात. त्यातच चुना मारत राह्यले दर खेपेले." आई हसत होती, हसताहसता तिनं डोळ्यांना पदर लावला. "त्या फौजीले विचारलं ना, ते त्यासाठीच विचारलं. त्याले वाकडा दिसला का म्हणून. तो वाकड्याचं काई बोलला नाई तं घरी येऊन गुळाचा चहा करायले लावला मले."

बाबा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं तर. वरून तो कसा दिसतो हे तुम्ही बघितलेलं होतं. आणि तरी मला विचारत राहिलात, जेवताना, सायकल पुसताना. मी दर वेळी काय उत्तर द्यायचे आठवतं का? "एकदम भारी दिसत असेल, बाबा." मी ते म्हणावं म्हणूनच तुम्ही विचारत होता, हे मला आत्ता कळतंय. काय हो तुम्ही! सांगितलं असतंत तर मी काय हसले असते? हसले असते. पण म्हटलं तेच असतं, भारी दिसतो म्हणून.

आईला घरी सोडून आल्यावर मी पुन्हा मशीनवर बसले आणि एच वाकडा केला. एक पाय फाकवला. कॉम्प्युटरला ते पटेना, तो रेषा परत सरळ करायला बघत होता, त्याच्याशी झगडून केला. आई म्हणते मोहाचं झाडही थोडं शाळेकडे हवं, तेही सरकवलं. मैदान तयार आहे.

आणि आज सकाळी त्या दूरच्या लोकांनी लिहिलं, काम झालं, येत्या रविवारी हेलिकॉप्टर देतो. खाली जगभरातली माणसं नाचतायत. क्लासच्या मालकांनी रविवारी किल्ली द्यायचं कबूल केलंय. मी घरी जाताना आईसाठी गूळ घेणार आहे. सगळं तुम्हाला कळवावं असं इतकं वाटलं की समोरच्या कोऱ्या कागदांवर हे लिहीत सुटले. पाठवायचं कुठे ते तुम्हीही सांगू शकणार नाही, तेव्हा हे कागद माझ्या पिशवीतच राहतील.

फक्त एक सांगायचंय. बातमी वाचून मला आनंद व्हायला हवा होता ना? तसा झालाही. पण त्याखाली मी जे लिहिलं ते असं होतं, की घाई नको, अजून थोडे दिवस घेतले तरी चालतील. कारण ते आलं की मी वरून जाईन, एच बघेन, उतरेन, पंखा थांबेल, आणि मैदानावर कुणी नसेल. ते येत नाही तोवर तुम्ही तिथे उभे आहात, डोळ्यांवर हात धरून, आणि तुमचा दुसरा हात माझ्या हातात आहे.