निळे बोधचिन्ह उतरवल्याबाबत व सदस्ययादीतून नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. शिस्तपालन अधिकारी,
आला-तू लेखापाल मंडळ, बिश्केक.

विषय : संकेतस्थळावरील बोधचिन्ह काढले असून सदस्यत्व रद्द होण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस क्र. ११८, दि. ४ मार्च.

महोदय,

१. मी काराकोल येथे एकोणीस वर्षे लेखापाल आहे. नोटिशीनुसार माझ्या संकेतस्थळावरील मंडळाच्या चिन्हाचा निळा रंग ठरलेल्या छटेपेक्षा फिका आहे आणि भोवतीची मोकळी जागा कमी आहे. दोन्ही दोष मान्य. चिन्ह त्याच दिवशी काढले.

२. आता मेदेर ओसोएव यांच्याविषयी. खोट्या ताळेबंदावर सही केल्याबद्दल आपणच त्यांना गेल्या वर्षी मंडळातून काढले. त्यांच्या संकेतस्थळावर आपले चिन्ह आजही आहे, रंग अगदी नियमानुसार. अकरा बायकांची लोकरीचे शिरदाक गालिचे शिवणारी संस्था चालवणाऱ्या कलीपा एजे, म्हणजे आम्हा सर्वांच्या थोरल्या ताई, यांनी आम्हा दोघांची संकेतस्थळे पाहिली. माझा रंग फिका, म्हणून मी त्यांना खोटी वाटले. त्यांनी कागदपत्रे ओसोएव यांना दिली. ओसोएव यांनी कर-विवरण भरलेच नाही. बनावट पावती हातावर ठेवली. जानेवारीत कर न भरल्यावरून संस्थेच्या कारखान्याला सील लागले आणि धुतलेली ओली लोकर आत कुजली.

३. ओसोएव यांच्या चिन्हाबद्दलच्या माझ्या दोन तक्रारींना उत्तर आले नाही, म्हणून २६ फेब्रुवारीस कलीपा एजेंना घेऊन सात तासांचा प्रवास करून मी आपल्यासमोर आले. आपण म्हणालात, "एजे, तो आता आमचा सदस्यच नाही. चिन्हाचे नियम सदस्यांसाठी. त्याला नोटीस कुठल्या कलमाखाली काढू?" त्यावर कलीपा एजे म्हणाल्या, "म्हणजे चोराला घराबाहेर काढलंत, आणि दारावरची पाटी त्यालाच देऊन टाकलीत!" आपण हसलात. मग मला विचारलेत, "तुमचं संकेतस्थळ कोणतं हो?" मला वाटले, काम सुरू झाले. मी भाबडेपणाने चिठ्ठीवर लिहून दिले. सहाव्या दिवशी नोटीस निघाली, माझ्याच नावाने.

४. हे चिन्ह मिळावे म्हणून मी तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन अभ्यास केला होता. नोटीस वाचून राग आला असता तर बरे झाले असते. किळस आली. जेवणाचे ताट बाजूला सारले.

५. कलीपा एजेंचे विवरण मी भरले. सील परवा निघाले. बायकांनी नाकाला रुमाल लावून लोकर बाहेर ओढली. दोघी तिथेच ओकल्या. त्यांनी मला मंडळाबद्दल काहीही विचारले नाही, याचीच मला लाज वाटली.

६. तरी माझे नाव यादीतून कमी करावे. नाव गेल्यावर हे चिन्ह हवे तसे लावायला मला कुणाची आडकाठी राहणार नाही, हे आपल्याच तोंडून समजले आहे. मी ते लावणार नाही.

या अर्जापुरती नम्र,
बुरुल्कान जाकिपोवा
काराकोल, दि. १३ मार्च

सोबत : बनावट पावतीची प्रत, मूळ सदस्यत्व प्रमाणपत्र, भिंतीवरून काढले तसेच, काचेसह.