ऊन डोळ्यांवर होतं

११ फेब्रुवारी, सायं. ५
रक्त उकळतंय. मंत्र्यांचा महाड दौरा म्हणून आमच्या बिल्डिंगसमोर झोपणारी बेघर माणसं आज दुपारी दोन पोलिसांनी टेम्पोत कोंबली. म्हातारी आवडीबाई फळी धरून खाली उतरू पाहत होती. मिशीवाल्या हवालदाराने तिच्या मनगटावर काठी हाणली. गॅलरीतून स्वच्छ पाहिलं. टेम्पो पोलादपूरकडे गेला. उद्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार. साक्षीदार मी. माघार नाही.

१२ फेब्रुवारी
गेलो नाही. साहेब बंदोबस्तात असणार. शिवाय न्यायाचा प्रश्न आहे. काठी मनगटावर बसली की फळीवर, हे आधी स्वतःला विचारायला हवं. राजश्री म्हणते, मनगटावरच, मी शेजारीच कपडे वाळत घालत होते. पण बायको भावनाप्रधान.

१३ फेब्रुवारी
आधी जनमत तयार करायचं. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, हे माणुसकीला धरून आहे का? चेअरमन राजेंद्रराव म्हणाले, बरं झालं, जिन्यात वास यायचा. एवढा पुळका असेल तर तुमच्या हॉलमध्ये ठेवा. त्याला सगळ्यांचे अंगठे. जळजळीत उत्तर लिहिलं. मग राजेंद्ररावांना बीपी आहे हे आठवलं. नुसते जोडलेले हात पाठवले. त्यातली धार त्यांना कळेल.

१५ फेब्रुवारी
जनमत जागं झालं! याच टेम्पोच्या प्रकरणावरून उद्या पोलादपूरला मोर्चा. जाणारच.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
पोचल्या पोचल्या घोषणा द्यायला लागलो. तिसऱ्यांदा ओरडताना शब्द नीट कळले: महाडची घाण महाडला न्या. हादरलो. माइक हिसकावला. ही माणसं आहेत, महाडकर म्हणून यांची जबाबदारी मी घेतो, असं ठणकावलं. प्रचंड टाळ्या. मोर्चाचा पुढारी भरत म्हणाला, घेतली ना सायबांनी? मग भरा रे गाडी! मला ड्रायव्हरशेजारी बसवलं.

१७ फेब्रुवारी
सगळी बेघर माणसं आमच्या पार्किंगमध्ये. आवडीबाईचं मनगट टम्म सुजलंय. राजश्रीने दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणलं. बाई मला म्हणाली, भाऊ, तुमी वर गॅलरीत होतात ना? मी बघितला तुमाला. चला माज्यासंगं पोलिसांत. माज्या एकटीचा कोन ऐकनार हाय? उद्या म्हटलं. मन शांत हवं.

१८ फेब्रुवारी
तो मिशीवाला हवालदार स्वतःच चौकशीला आला. चहा दिला. पूर्वग्रह नको. म्हणाला, साहेब, तुम्ही काही पाहिलंत? प्रामाणिकपणे सांगितलं: काठी पाहिली, मनगट पाहिलं, एक दुसऱ्यावर बसल्याचं शपथेवर सांगता येणार नाही. ऊन डोळ्यांवर होतं. यात खोटं काहीच नाही. तो म्हणाला, तुमच्यासारखी समजूतदार माणसं शांतता समितीत पाहिजेत. हो म्हटलं. आत शिरूनच व्यवस्था बदलते. पहिल्याच बैठकीत हा विषय काढणार. सडेतोड.

२० फेब्रुवारी, दुपारी
खाली पुन्हा पोलिसांचा टेम्पो. राजेंद्ररावांनीच बोलावला असणार. हे खपवून घेणार नाही. आवडीबाईने प्लास्टरचा हात उंचावून हाक मारली, भाऊ, खाली या हो! ऊन होतं. आत आलो, पडदा ओढला. राजश्री अनवाणी धावत गेली. तिचा आवाज इथवर येतोय: हात लावून दाखवा तिला. मी पाहिलंय, माझं नाव लिहा. मग म्हणाली, त्यांना नका हाका मारू आवडीबाई, त्यांना ऊन लागतं.

संध्याकाळी तिला समजावणार. प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते.

आत्ता काठीचा आवाज आला. कशावर बसली, ते पडद्यामुळे सांगता येत नाही.