वारा सुटायच्या आत

२ फेब्रुवारी
आज समितीचा एकमताने अध्यक्ष झालो. बाकीचे दोघे सर्दीमुळे आले नव्हते. आमच्या कनाएच्या डोंगरशाळेसाठी गावाचा मदत-स्कीदिवस आहे. पोरांना हिवाळ्यात बर्फात न्यायचं, उन्हाळ्यात नदीवर तंबू ठोकायचे, अशी ही शाळा. गावाने अनुदान बंद केल्यापासून कशीबशी चाललीय. योजना अशी: पोरं खुर्च्यांच्या लिफ्टने डोंगरावर जाणार, स्की करत खाली येणार आणि प्रत्येक उताराला पाठीराखे ठरलेली रक्कम देणार. कल्पना कनाएची. मुलगी माझी हुशार आहे, पण भारदस्तपणा म्हणून काही नाही. तो मी आणणार.
संकल्प: पहिला उतार मी स्वतः करणार, जुन्या शर्यतीच्या सूटमध्ये. गुडघ्याचे व्यायाम रोज.

३ फेब्रुवारी
सूट आटलाय. फुसाए म्हणते, कपाटात ठेवलेले कपडे आटत नसतात. बायकोला कापडातलं कळत नाही.
व्यायाम उद्यापासून.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
कनाएने कार्यक्रम लिहून आणला. सकाळी पोरं वर, दुपारी मिसो सूप, शेवटी आभार. बस्स. उद्घाटन नाही, मान्यवर नाहीत. लग्नात नवराच नसावा तसं. मी समजावलं. ती म्हणाली, या दिवसांत दुपारच्या आधीच पश्चिमेच्या कड्यावरून वारा उतरतो आणि लिफ्ट बंद पडते. "बाबा, भाषणं सूप पिताना करा. पोरांना वारा सुटायच्या आत वर जाऊ दे."
पोट भरल्यावर भाषण कोण ऐकतं? शेवटी तडजोड केली: समारंभ आधीच, पण आटोपशीर. ती गप्प बसली, म्हणजे पटलं.

८ फेब्रुवारी
भाषणांचा क्रम ठरवणं म्हणजे डोकेदुखी. सरपंच पहिले, यात वाद नाही. पुढे स्की संघटनेचे मोरिकुबो की पर्यटन संघाचे अध्यक्ष? मोरिकुबो म्हणाला, त्या माणसानंतर बोलायचं असेल तर मी घरीच बरा. काल रात्री पर्यटनवाल्याकडे साकेची बाटली घेऊन गेलो. तिथेच संपली. तोडगा फार सुंदर निघाला होता. सकाळपासून आठवतोय, आठवत नाही.
व्यायाम राहिला. जबाबदाऱ्या वाढल्यात.

११ फेब्रुवारी
मुळा किसता किसता फुसाए सहज म्हणाली, कनाएला साप्पोरोहून नोकरी आलीय. निधी जमला नाही तर डोंगरशाळा बंद आणि ती मार्चमध्ये जाणार. मी म्हटलं, शक्य नाही, मला बोलली असती. त्यावर फुसाए म्हणाली, "अहो, तुम्ही बोलायचं थांबाल तेव्हा ती बोलेल ना."
जेवण गेलं नाही. घटस्फोटानंतर पोर घरी आली, तेव्हापासून या घरात जरा हसू आहे. तिने जाऊ नये. हे मी तिला सांगणार. उद्याच, स्पष्ट शब्दांत.

१२ फेब्रुवारी
शेडमध्ये कनाए पोरांच्या स्कींना मेण लावत होती. मी दारात उभा राहिलो. एकदम मुद्द्यावर येणं बरं दिसत नाही, म्हणून हवामानापासून सुरुवात केली. तिथून आमची लिफ्ट कशी उभी राहिली तिथवर आलो. तिने मेण वितळवायची इस्त्री हातात धरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, मेण थिजतंय.
असो. वातावरणनिर्मिती झाली.

१६ फेब्रुवारी
शुभेच्छांच्या तारांचा ढीग आलाय. काहींना मी आडून सुचवलं होतं, तरी आनंद आहेच. सगळ्या वाचाव्या लागणार. एखादी गाळली तर जन्मभर त्या माणसासमोरून मान खाली घालून जायचं.
माझं भाषण मात्र एक मिनिट. आंघोळीच्या टबात सराव केला. पाणी गार झालं.

१९ फेब्रुवारी, सकाळ
लख्ख ऊन. पान हलत नाही. नियोजन म्हणतात ते हेच.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
एकंदरीत समारंभ यशस्वी.
सरपंच स्वतःच्या बालपणावर बोलले. मोरिकुबो आणि पर्यटनवाला, दोघांनीही "वेळेअभावी थोडक्यात" म्हणून सुरुवात केली आणि एकमेकांवर कुरघोडी करत राहिले. पोरं स्की बांधून रांगेत उभी. कनाए त्यांच्या मागे, पण तिचं लक्ष कड्याकडे. मी तारा वाचायला घेतल्या तेव्हा ती जवळ येऊन कानात म्हणाली, "बाबा, तारा राहू द्या. आत्ता सोडा त्यांना."
मी मान डोलावली. चारच उरल्या होत्या. त्या वाचल्या. मग माझं भाषण. प्रास्ताविक संपत आलं होतं, तेवढ्यात निशाणं ताठ झाली. लिफ्टच्या खुर्च्या झुलायला लागल्या आणि लिफ्ट थांबली. एक तार माझ्या हातातून उडाली. एक मुलगी तिच्यामागे जरा घसरत गेली. तो उतार धरावा, असं मी मोरिकुबोला सुचवलं. त्याने तोंड फिरवलं.
वारा शेवटपर्यंत पडला नाही. उतार एकही नाही, त्यामुळे निधीही नाही. सूप उत्तम झालं होतं. इतका शिस्तशीर समारंभ बऱ्याच वर्षांत पाहिला नाही, असं खुद्द सरपंच म्हणाले. हे कनाएला सांगायला गेलो. ती पोरांच्या पायांतल्या स्की सोडत होती.

२० फेब्रुवारी
पुन्हा स्कीदिवस घ्यायचा, असं ठरवून उठलो. नव्या आराखड्यात भाषणं निम्मी. कनाएला दाखवायला गेलो. तिने सकाळीच साप्पोरोला होकार कळवला होता. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. उलट मलाच चहा करून दिला.

२१ फेब्रुवारी
वाऱ्याची आगाऊ कल्पना मला कुणीतरी नीट द्यायला हवी होती. मागची पानं उलटून पाहिली नाहीत.

२२ मार्च
कनाए आज गेली.
सकाळी बस थांब्यावर पोरं आली होती. समारंभ नको, असं तिने सगळ्यांना आधीच बजावलं होतं. तरी मी तयारीत होतो, कागद खिशात होता. वळणावर बस दिसली. तिने माझा मफलर नीट केला आणि म्हणाली, "बाबा, वारा सुटायच्या आत बोला."
मी घसा साफ केला. आज या ठिकाणी, एवढं म्हणालो. ती थांबली होती. ड्रायव्हरही थांबला होता. पोरं माझ्याकडे बघत होती. मग मी विचारलं, लोकरीचे मोजे घेतलेस का. घेतले होते.
बस गेली.
कागद अजून कोटातच आहे. 'थांब' हा शब्द त्यात होता. शेवटच्या परिच्छेदात. आधी प्रास्ताविक होतं.