आमच्या घराचं प्रमाण विचलन शून्य

तीर्थरूप (पण सध्या बाबांच्या देखत नाव न काढण्याजोग्या) आत्या,

तुला वाकून नमस्कार. तुझी तब्येत, तुझं दुकान आणि तुझी जीभ तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत आहेत. हे वाक्य मी पत्राची रीत म्हणून लिहीत नाहीये, माझ्याकडे त्याचा आकडेवारीनिशी पुरावा आहे आणि त्या पुराव्यानेच माझा घात केला आहे. सविस्तर सांगते, कारण थोडक्यात सांगण्याइतकं मला अजून समजलेलं नाही.

मी मानसशास्त्राला गेले ती माणसांची मनं कळावीत म्हणून. (आईच्या मते गणित टाळावं म्हणून.) तर तिथे पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र निघालं. निदान सरासरी तरी येते असं मला वाटत होतं, पण काकाने तेवढंही राहू दिलं नाही. तो म्हणाला, गिऱ्हाइकाच्या एका डोळ्याचा नंबर अधिक दोन, दुसऱ्याचा उणे दोन, सरासरी शून्य, म्हणजे त्याला चष्माच नको, असं म्हणत बसलो तर आपल्या दुकानाला कुलूप लागेल. मी हे वर्गात विचारलं तर मॅडम खूश! म्हणाल्या, म्हणूनच नुसती सरासरी बघायची नाही, आकडे तिच्यापासून किती पांगलेत तेही बघायचं, त्याला म्हणतात प्रमाण विचलन. मग मध्यक आला. सगळ्यांना लहानमोठे लावून रांगेत उभं केलं की जो मधोमध सापडतो तो. मग बहुलक, म्हणजे जे सगळ्यांत जास्त वेळा येतं ते. (आपल्या घराचा बहुलक ‘बघू’ हा आहे.) इथपर्यंत मी डोकं धरून का होईना, चालत होते.

मग प्रकल्प आला. झोप आणि घरातला सलोखा यांचा संबंध शोधायचा. प्रश्नावलीत विधानं होती आणि प्रत्येकापुढे एक ते पाचमधला आकडा घालायचा, एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी खरं. मी म्हटलं, लांब कशाला जा, घरात माणसं काय कमी आहेत! प्रश्नावली ज्याने त्याने एकट्याने भरायची असते. आणि आपल्याकडे एकट्याने काही करायची पद्धतच नाही, हे तुला मी काय सांगणार? दुकान बंद झाल्यावर सगळे काउंटरभोवती बसले आणि आजोबा विधानं मोठ्याने वाचायला लागले, नंबर काढताना तक्त्यावरची अक्षरं विचारतात त्याच आवाजात. ‘घरात मला मोकळेपणाने बोलता येतं.’ यावर कोणीच बोलेना. शेवटी काका म्हणाला, “दादा, तू काय घालतोयस?” बाबा म्हणाले, “तीन घाला. मधलं असलं की कोणाला लागत नाही.” सगळ्यांनी तीन घातले. शांत झोप लागते? तीन. घरात माझं ऐकलं जातं? तीन. (आईने दोन घातले होते, पण बाबांनी नुसतं बघितल्यावर ते तीन झाले.) मग आलं, ‘घरातल्या एखाद्या माणसाची मला आठवण येते.’ आई पदराने चष्मा पुसायला लागली, तो स्वच्छच होता. बाबा म्हणाले, “पुढचं घ्या.” मी म्हटलं, पुढचं नाही, हेच शेवटचं. तर म्हणाले, “मग तीन.”

मी हिशेबाला बसले. सरासरी तीन, मध्यक तीन, बहुलक तीन. मला वाटलं, आलं की आपल्याला संख्याशास्त्र! प्रमाण विचलन मात्र शून्य, आणि संबंध काढायला गेलं की त्या शून्याने भागायची वेळ येते. कॅल्क्युलेटरने हात टेकले. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, हे सगळं एकाच माणसाने भरलंय का? मी म्हटलं नाही, एकाच कुटुंबाने. त्या म्हणाल्या, फरकच नसेल तर संबंध कशाचा काढणार? वेगळं बोलणारं कोणीतरी आणा, नाहीतर नापास. आणि नापास झाले तर मला दुकानात बसवायचं असं घरात ठरलंय. (एकमताने. ते तर शून्य विचलनावरून तुझ्या लक्षात आलंच असेल.)

सगळ्यांत अवघड म्हणजे शून्य गृहीतक. आधी धरून चालायचं की काहीच फरक पडलेला नाही, आणि भक्कम पुरावा मिळेपर्यंत तेच धरून बसायचं. वर्गात कोणाला काही कळेना. मला मात्र लगेच कळलं, कारण तू गेल्यापासून आपल्या घरात तेच चाललंय. तू त्या बाईंना तोंडावर सांगितलंस की ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही, बाबा तुला म्हणाले की गिऱ्हाइकं तोडायचीच असतील तर स्वतःचं दुकान काढून तोड, तू खरंच दुसऱ्या गावी दुकान काढलंस, आणि इकडे काहीही घडलेलं नाही. तुझं स्टूल जिथल्या तिथे आहे. फक्त त्याच्यावर कोणी बसत नाही. तेव्हापासून बाबांचं जेवणही कमी झालंय. मॅडम म्हणतात, दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. बाबाही अगदी हेच म्हणतात. (पण न विचारता का म्हणतात?) मला तुझी फार आठवण येते, आत्या, आणि तीनपेक्षा पुष्कळच जास्त येते.

तुझी गोंधळलेली भाची

ता. क. सोबत कोरी प्रश्नावली आहे. एकटीने भर आणि कुठेही तीन घालू नकोस. आमचं पास-नापास तुझ्या हट्टीपणावर अवलंबून आहे.

ता. क. दोन. पाकीट बंद करताना बाबा आले. कोणाला लिहितेस, म्हणाले. मी म्हटलं, मॅडमना वेगळं बोलणारं माणूस हवंय ना, म्हणून आत्याला. तर म्हणाले, “टपालाने काय भरणार ती? इथे येऊन भर म्हणावं. ती असली की आम्हीही वेगवेगळं भरू. तिच्यासमोर कधी एकमत झालंय?” आणि तुझं स्टूल पुसायला लागले.

ता. क. तीन. खरं म्हणजे मैत्रिणींच्या वसतिगृहातून प्रश्नावल्या भरून आणून मी प्रकल्प केव्हाच दिला आणि पासही झाले. ही बातमी घरात सगळ्यांत आधी मी बाबांनाच सांगितली होती. ते अजून स्टूल पुसतायत.