जाड व्याकरण

अनुग्रहदादा,

ते जाड पुस्तक मागवून तुला काय मिळणार होतं? रविवारी उपदेशाला उभा राहिलास की ते काखेत दिसेल आणि पाळकसाहेब म्हणतील, "पोरगं ग्रीक कोळून प्यायलंय." एवढंच ना?

आपलं पहिलं पुस्तक आत्ता कुठं संपलंय. पुढच्या पायरीचं, सराव आणि मागं उत्तरं असलेलं व्याकरण घ्यायचं दोघांनी ठरवलं होतं. मला न विचारता तू ते बदललंस. ह्या ठोकळ्यात सराव नाही, उत्तरंही नाहीत, आणि गुरुवारी माझी नव्या कराराच्या ग्रीकची परीक्षा आहे. साताऱ्याच्या रूथमावशीकडं ते सरावाचं पुस्तक आहे, म्हणून मी तिकडं चाललेय. भात कुकरमध्ये आहे. आमटी तुझी तू कर.

वर काल मलाच विचारलंस, "करुणे, हे क्रियापद कर्तरी का गं कर्मणी?" दादा, ते मधलं होतं. ग्रीकमध्ये असा तिसरा प्रयोग असतो, ज्यात कर्ता करतो ते स्वतःसाठीच. तुला तर तो लगेच ओळखायला हवा होता. लय जुनी ओळख हाय तुमची!

आता हिशेब बघ. पुस्तक तू निवडलंस, ते कर्तरी. ते घेऊन मिरवणार आहेस, ते मधलं. आणि तुझ्यापायी साताऱ्यापर्यंत एस्टीत धक्के खाणार ती मी, कर्मणी.

करुणा