नकाशात नसलेली वस्ती

मंगळवार, संध्याकाळ

आज नव्या पवनचक्कीसाठीच्या ग्रामसभेत जागेचा नकाशा मीच वाचून दाखवला. गावात दुसऱ्या कोणाला वाचता येतो? "सगळ्यात जवळचं घर सहाशे मीटरवर," म्हणालो. सुंदरमावशी उठल्या. "नाना, माझी शेतातली वस्ती त्यात न्हायच की!" मी म्हणालो, "मावशी, नकाशा चष्मा लावून बघायचा असतो." सगळे हसले. ग्रामसेवकानं 'हरकत नाही' लिहून टाकलं.

नंतर राहवेना, टेप घेऊन वस्तीवर गेलो. दुसरं टोक मावशींनीच धरलं. पवनचक्कीच्या जागेपासून वस्तीपर्यंत एकशे दहा मीटर. सहाशे म्हणालो होतो! नकाशात फक्त गावठाणातली घरं होती, शेतातली नव्हतीच. हे मला दिसू नये?

"उद्या दुपारपर्यंत पंचायतीत हरकती लिहून घेतेत म्हणं. हसले त्यांच्यापुढंच सांगा की, नाना," मावशी म्हणाल्या.

मी 'बघू' म्हणून टेप गुंडाळत बसलो.