मशीनला हात लावू नये

१५ ऑगस्ट २०००, चौसाळा
झेंडावंदनानंतर पुण्याच्या कर्नलसाहेबांनी जाहीर केलं. त्यांच्या संस्थेतर्फे गावातल्या माजी सैनिकांना एक कॉम्प्युटर मिळणार. भरतीपायी ज्यांचं शिक्षण सुटलं त्यांनी सीडीवरचे धडे शिकायचे, डिसेंबरात बीडला कॉम्प्युटरवरच प्रवेश परीक्षा द्यायची आणि पास झाला की मुक्त विद्यापीठात बी.ए. बारावीची अट नाही. मशीन कुणाकडे ठेवायचं, हे विचारायच्या आत मी उभा राहिलो. बावीस वर्षं आर्मीच्या स्टोअरमध्ये हवालदार होतो. माल सांभाळावा तर मीच.
तीन वर्षांत बी.ए. मग एम.ए. बायकोला, शिवकांताला सांगितलं. म्हणाली, "आधी दहावीचं इंग्रजी आठवतंय का बघा." हिला व्हिजन नाही.

२ सप्टेंबर
मशीन आलं. संस्थेच्या माणसानं चालू करून तासभर सगळं समजावलं. मी नारळ-हाराच्या बंदोबस्तात होतो, त्यामुळे शेवटचं तेवढं ऐकलं. "समजलं ना?" म्हणाला. "येस" म्हणालो. फौजेत दुसरं उत्तर नसतं.
संध्याकाळी नियम लिहून भिंतीवर लावले. चपला बाहेर. हात धुऊन यावे. मशीनला हात लावू नये.

४ सप्टेंबर
पहिला क्लास. सहा जण आले. आश्रुबा सगळ्यात आधी. हा शिपाई होता. बर्फात ड्युटी करताना उजव्या हाताची सगळी बोटं गेली, डाव्याची दोन. पेन धरता येत नाही. नियम वाचून म्हणाला, "अप्पा, हात न्हाई लावायचा तर शिकायचं कसं?"
बघून शिकायचं, म्हणालो.
मग मी मशीनवरचं कापड काढलं, सर्वांनी बघितलं, परत झाकलं. चालू केलं नाही. व्होल्टेज कमी वाटत होतं.

१९ सप्टेंबर
लोडशेडिंग. लाईट येते दुपारी, माझ्या झोपेच्या वेळी. यात माझा काय दोष?
तरी काम थांबलेलं नाही. आज "संगणक आणि राष्ट्र" यावर पाऊण तास बोललो. सहांतला रामहरी मध्येच उठून गेला. म्हशीचं कारण सांगितलं.

७ ऑक्टोबर, दसरा
मशीनची पूजा. हळदीकुंकू कीबोर्डमध्ये सांडलं. झटकून काढलं, बरंचसं निघालं.
आश्रुबा थांबला होता. म्हणाला, "अप्पा, थोडा येळ माजा हात बसू द्या. मला दोनच बोटं न् एक आंगठा. लई सराव लागतो." दिवाळीनंतर बघू, म्हणालो. उगाच एखादं बटण तुटलं तर कर्नलसाहेबांना जबाब मी द्यायचा. तो प्रसाद घेऊन गेला.

३० ऑक्टोबर
दिवाळी झाली. उद्यापासून रोज सकाळी अभ्यास. पक्कं.

३१ ऑक्टोबर
सर्दी.

६ नोव्हेंबर
आज मशीन स्वतः चालू केलं. चित्र आलं. बाणासारखं काहीतरी पळायला लागलं. मी हात काढून घेतला तेव्हा थांबलं. एकूण प्रगती समाधानकारक.

२० नोव्हेंबर
मन खराब आहे, तरी लिहितो.
दुपारी तहान लागून उठलो. बाहेरच्या खोलीत आवाज. बघतो तर मशीन चालू, आश्रुबा खुर्चीवर, आणि शेजारी शिवकांता उभी राहून पडद्यावरचा धडा मोठ्यानं वाचून दाखवतेय! दिवाळीपासून रोज चालू आहे म्हणे. माझ्या घरात, मी झोपलेलो असताना.
मी मोठ्यानं बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. आश्रुबा उठून उभा राहिला. शांत होता, तेच जास्त लागलं. म्हणाला, "अप्पा, कागदावरची परीक्षा मला या जल्मात देता यायची न्हाई. बी.ए. झालो तर सैनिकांच्या राखीव जागेत क्लार्कची नोकरी हाय. बटणं दाबून द्यायची परीक्षा पहिल्यांदाच आलीय. तुमचं मशीन न्हाई खराब केलं म्या."
तेव्हाच "बस खाली" म्हणता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण दारात रामहरी उभा होता, तो बघत होता. हवालदारानं हुकूम फिरवायचा कसा?
खोलीला कुलूप लावलं. किल्ली करदोड्याला.

२१ नोव्हेंबर
शिवकांता बोलत नाही. भाजी नेहमीसारखीच झाली होती, पण वाढताना पातेलं आपटलं.

२७ नोव्हेंबर
आश्रुबा रोज सकाळच्या एसटीनं बीडला जातो. तिथं एका क्लासवाल्याकडे सराव करतो, बदल्यात त्याची झाडलोट करतो. त्या हातांनी. रामहरीनं मुद्दाम येऊन सांगितलं. मला कशाला सांगतो?
कुलूप काढावं असं दोनदा वाटलं. काढलं तर माझं चुकलं असं होईल. उद्या बघू.

१० डिसेंबर, रविवार
परीक्षा. सगळे एका जीपमध्ये. मांजरसुंब्याला चहा घेतला. मी सर्वांना धीर दिला: घाबरू नका, मशीन आपल्याला घाबरतं. कुणी हसलं नाही. आश्रुबा मागच्या सीटवर मांडीवर बोटं हलवत बसला होता.
हॉल मोठा. माझ्यासमोर पडदा. पहिला प्रश्न दिसला. उत्तर येत होतं! बाण त्यावर न्यायचा तर तो कोपऱ्यात गेला आणि तिथं काहीतरी दाबलं गेलं. इंग्रजीत चौकोन आला. त्यात एक लांब वाक्य, खाली दोन शब्द. एक येस, एक नो. मी येस दाबलं.
पडदा निळा झाला. इंग्रजीत थँक यू.
सुपरवायझरला विचारायचं होतं. हात वर गेला नाही. दोन तास तसाच ताठ बसून राहिलो, मधूनमधून कीबोर्डवर बोटं फिरवत, म्हणजे शेजाऱ्याला कळू नये. समोरच्या रांगेत आश्रुबा. एक बटण, थांबणं, दुसरं बटण. त्याची मान घामानं भिजली होती. मी बघत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.
बाहेर आल्यावर म्हणालो, पेपर सोपा होता.

४ जानेवारी २००१
रिझल्ट. माझ्यासकट सातांत दोघं पास. आश्रुबा आणि रामहरी. शेजाऱ्यांकडे कर्नलसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "हवालदार, तुमची परीक्षा पहिल्याच मिनिटाला बंद झालेली दिसते." मशीनमध्ये फॉल्ट होता, म्हणालो. मग म्हणाले, कॉम्प्युटर आश्रुबाच्या घरी हलवा.
"येस सर" म्हणालो. घरी आलो तर शिवकांतानं न विचारता पाणी दिलं. खूप दिवसांनी. तेही प्यायला जड गेलं.

६ जानेवारी
मशीन गेलं. कुलूप मीच काढलं. आश्रुबा मला काही बोलेल म्हणून तयारी केली होती, उत्तरंही पाठ होती. तो फक्त म्हणाला, "अप्पा, जरा ती बाजू धरा. माजी पकड बसत न्हाई." धरली. त्याच्या घरापर्यंत धरली. गावातले बघत होते.
माझ्या खोलीत आता नुसतं टेबल आहे.

१५ जानेवारी
मशीन नीट ठेवलंय का, ते बघायला आश्रुबाकडे गेलो. इन्स्पेक्शन. चार जण शिकत होते, शिवकांताही त्यात. मला आधी सांगितलं नव्हतं. आश्रुबानं खुर्ची रिकामी करून दिली. "बसा अप्पा. पुढच्या डिसेंबरात परत परीक्षा हाय." उभ्यानंच बघतो, म्हणालो. शिवकांता म्हणाली, "बसा की आता."
बसलो. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवलेत. आधी आपलं नाव लिहा, म्हणाला. म सापडला. पुढचं न्म काही केल्या जमेना. आश्रुबानं वाकून पाहिलं. तो म्हणाला, जोडाक्षरं पुढच्या धड्यात आहेत, घाई करू नका. तोवर बदक लिहा.
लिहिलं. ब सापडायला वेळ लागला.